कर्तनखोलीची अचूकता, संख्यानियंत्रित राउटरवरील

कर्तनखोलीची अचूकता : फिरत्या कर्तकाने लाकूड, प्लॅस्टिक किंवा मऊ धातू यांच्या पृष्ठात खाच, खळगा वा नक्षी कोरताना आज्ञेत दिलेली खोली व प्रत्यक्ष मिळालेली खोली यांच्यातील मेळास कर्तनखोलीची अचूकता असे म्हणतात. संगणकाच्या आज्ञेनुसार तीन अक्षांवर कर्तक हलविणारा राउटर एक्स व वाय या आडव्या अक्षांवर फळीभर फिरतो, तर झेड या उभ्या अक्षावर कर्तक खाली उतरतो व वर येतो. घरी किंवा लहान कर्मशाळेत जुळविलेल्या अशा यंत्रांत आडव्या मापांपेक्षा खोलीचे माप अधिक वेळा चुकते. आडव्या दिशेतील अल्प चूक पुष्कळदा खपून जाते. परंतु खोलीतील चूक ताबडतोब नजरेस येते. उदा., ९० अंश कोनाच्या टोकदार कर्तकाने अक्षरे कोरताना रेषेची रुंदी खोलीच्या दुप्पट असते. त्यामुळे खोलीत ०·२ मिमी. चूक झाल्यास रुंदीत ०·४ मिमी. चूक होते आणि पाटीवरील एक अक्षर जाड, तर दुसरे बारीक दिसते. तांब्याचा थर असलेल्या विद्युत् मंडलफलकावरील थराची जाडी सामान्यतः ०·०३५ मिमी. असते, तेथे खोली थोडी कमी पडली, तरी दोन वाहक मार्ग एकमेकांपासून अलग होत नाहीत व फलक निकामी ठरतो.

या विषयात तीन संकल्पना वेगळ्या ठेवाव्या लागतात. यंत्राला देता येणाऱ्या सर्वांत लहान हालचालीस विभेदनक्षमता, तीच आज्ञा पुन्हा दिल्यावर त्याच ठिकाणी येण्याच्या गुणास पुनरावृत्तिक्षमता आणि प्रमाण मापाशी जुळण्याच्या गुणास यथार्थता म्हणतात. घरगुती यंत्राची विभेदनक्षमता कागदावर ०·००३ मिमी. इतकी सूक्ष्म असूनही त्याच्या खोलीत अर्ध्या मिमी.ची चूक आढळते, याचे कारण या तीन गुणांची गल्लत हे होय. ही गल्लत नवी नाही. यांत्रिक हत्यारांच्या दोन शतकांहून अधिक काळाच्या इतिहासात ती वारंवार झालेली व वारंवार सोडविली गेलेली आहे.

पूर्वेतिहास : सुताराच्या हातराउटर रंध्यात खोलीचा प्रश्न सोप्या रीतीने सुटलेला होता. रंध्याचा तळ लाकडाच्या पृष्ठावर टेकलेला असतो व पाते तळाखाली ठरावीक अंतराने बाहेर आलेले असते. त्यामुळे फळी वाकलेली असली, तरी खाच पृष्ठापासून सारख्याच खोलीची होते. विजेवर चालणाऱ्या हातराउटरातही हेच तत्त्व टिकून राहिले. खोलीचे माप ज्या पृष्ठात काम करावयाचे, त्या पृष्ठापासूनच घेतले जात असे. यंत्राच्या सांगाड्यावरून माप घेण्याची पद्धत आल्यावर हा लाभ नाहीसा झाला व सांगाडा, मळसूत्र आणि मेज यांच्या अचूकतेवर सर्व भिस्त आली.

ही अचूकता साध्य करण्याचे प्रयत्न अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. जॉन विल्किन्सन (१७२८–१८०८) यांनी १७७५ च्या सुमारास दोन्ही टोकांस आधार दिलेल्या दांड्यावर कर्तक बसवून सिलिंडर आतून कोरण्याचे यंत्र सिद्ध केले. जेम्स वॉट यांच्या वाफ एंजिनाचे मोठे सिलिंडर त्यामुळेच पुरेसे गोल होऊ शकले. कर्तकाची बैठक ताठ असल्याखेरीज माप टिकत नाही, हा धडा या यंत्राने दिला. जेसी रॅम्सडेन (१७३५–१८००) यांनी याच सुमारास वर्तुळाचे भाग पाडणारे यंत्र तयार करताना अचूक मळसूत्राची आवश्यकता दाखवून दिली. हेन्री मॉड्स्ली (१७७१–१८३१) यांनी १८०० च्या सुमारास मळसूत्राचे आटे पाडणारे लेथ यंत्र पूर्णत्वास नेले आणि मळसूत्राच्या फेऱ्यांवरून लांबी ठरविण्याची पद्धत रूढ केली. आजच्या राउटरचा झेड अक्ष तत्त्वतः याच पद्धतीवर चालतो; फरक एवढाच की, मळसूत्र हाताऐवजी मोटर फिरविते. मॉड्स्ली यांच्या कर्मशाळेतील मेजावरील सूक्ष्ममापकास ‘लॉर्ड चान्सेलर’ हे नाव पडले होते. कारण मापाविषयीच्या वादात त्याचा निर्णय अखेरचा समजला जाई.

मॉड्स्ली यांच्या कर्मशाळेत काम केलेले जोसेफ व्हिट्‌वर्थ (१८०३–८७) यांनी १८४० मध्ये ग्लासगो येथे वाचलेल्या निबंधात तीन पट्टांच्या पद्धतीने खरी सपाट पृष्ठे कशी मिळवावीत, हे मांडले. दोन पट्ट एकमेकांवर घासून जुळविल्यास एक फुगीर व दुसरा खोलगट राहू शकतो. तिसरा पट्ट घेऊन आळीपाळीने जुळविल्यास तिन्ही सपाट होण्याखेरीज गत्यंतर नसते. खोली ही नेहमी एका पृष्ठापासून मोजलेली असल्याने सपाट पृष्ठ हा तिचा पाया ठरतो. डोळ्याने रेषा वाचण्यापेक्षा टोकांच्या स्पर्शाने लांबी ठरविणे अधिक विश्वसनीय आहे, असे व्हिट्‌वर्थ यांचे प्रतिपादन होते. १८५० च्या दशकात त्यांच्या मापनयंत्राने इंचाच्या दशलक्षांशाइतका फरक ओळखता येऊ लागला. १८४८ मध्ये फ्रान्समध्ये झां लॉरां पामेर यांनी हातात धरावयाच्या सूक्ष्ममापकाचे एकस्व घेतले. स्वीडनचे कार्ल एडवर्ड युहान्सन (१८६४–१९४३) यांनी एकमेकांवर रचता येणाऱ्या पोलादी मापठोकळ्यांचे संच तयार केले व त्यामुळे प्रमाण माप सामान्य कारखान्यापर्यंत पोहोचले. जर्मन भौतिकीविज्ञ एर्न्स्ट आबे (१८४०–१९०५) यांनी १८९० मध्ये असे दाखविले की, मापपट्टी आणि मोजावयाची लांबी एकाच सरळ रेषेत नसतील, तर मार्गिकेचा अल्पसा कल त्या दोहोंतील अंतराच्या प्रमाणात चूक उत्पन्न करतो. राउटरमध्ये कर्तक मार्गिकेपासून बराच पुढे आलेला असतो. त्यामुळे हे तत्त्व तेथे विशेष लागू पडते. १९३१ मध्ये लांबीच्या मापनासाठी २०° से. हे प्रमाण तापमान आंतरराष्ट्रीय स्तरावर ठरविण्यात आले.

संख्यात्मक नियंत्रण : दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील मिशिगन राज्यात जॉन टी. पार्सन्स (१९१३–२००७) व त्यांचे सहकारी फ्रँक स्ट्यूलेन हे हेलिकॉप्टरच्या पात्यांची कामे करीत होते. वक्र आकाराचे पुष्कळ बिंदू गणकयंत्राने काढून त्या संख्यांनुसार कर्तक हलवावा, ही कल्पना त्यांना सुचली. अमेरिकेच्या वायुसेनेने १९४९ मध्ये या कार्यासाठी करार केला. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या प्रयोगशाळेत तीन अक्षांचे संख्यानियंत्रित यंत्र तयार होऊन सप्टेंबर १९५२ मध्ये त्याचे प्रात्यक्षिक झाले. आज्ञा छिद्रित फितीवरून दिल्या जात. आज्ञेप्रमाणे अक्ष खरोखरच हलला की नाही, याची खबर नियंत्रकाकडे परत आणणारी पुनःप्रदाय यंत्रणा या यंत्रात होती, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

या तंत्राने कारखान्यातील ज्ञानाची मांडणीही बदलली. जुना कुशल कारागीर कर्तनाचा आवाज, कीस व हाताला जाणवणारा रेटा यांवरून खोली सांभाळीत असे. एका परीने तोच यंत्राचा पुनःप्रदाय होता. संख्यानियंत्रणाने आज्ञा कार्यालयात लिहिल्या जाऊ लागल्या व यंत्राजवळचा माणूस दुय्यम झाला. हा बदल केवळ तांत्रिक गरजेपोटी झाला नसून कारखान्यावरील हुकमतीचा प्रश्नही त्यात होता, असे अमेरिकन इतिहासकार डेव्हिड एफ. नोबल यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रतिपादिले. हे मत सर्वांना मान्य नसले, तरी कारागिराच्या हातातील जाणीव काढून घेतल्यास तिच्या जागी मापनाची दुसरी व्यवस्था करावी लागते, हे निर्विवाद होय. मोठ्या कारखान्यांनी ती केली. घरगुती यंत्रांत ती बहुधा वगळली गेली.

घरगुती यंत्रांचा उदय : १९९० नंतरच्या दशकात वैयक्तिक संगणक स्वस्त झाले व त्यांच्या समांतर जोडणीतून मोटरींना स्पंद पाठविणे शक्य झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रविद्या संस्थेने विकसित केलेली नियंत्रक आज्ञावली सार्वजनिक झाली व तिच्यातूनच पुढे ‘लिनक्ससीएनसी’ ही मुक्त आज्ञावली निर्माण झाली. ड्यूक विद्यापीठातील तंत्रिकाविज्ञानाचे प्राध्यापक टेड हॉल यांनी नौकेचे प्लायवुडचे भाग कापण्यासाठी स्वतः यंत्र रचले व त्यातून ‘शॉपबॉट’ हा राउटर पुढे आला. २००९ मध्ये सिमेन स्वाले स्कॉग्सरुड यांनी ‘आर्डुइनो’ या लहान नियंत्रक फलकावर चालणारी ‘ग्रबल’ ही आज्ञावली मुक्त केली. २०११ मध्ये एडवर्ड फोर्ड यांनी ‘शेपओको’ हे जुळवून घेण्याजोगे यंत्र लोकांपुढे आणले. यानंतर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, छपाई यंत्रांसाठी निघालेली मळसूत्रे व लहान मोटरी वापरून जगभर असंख्य यंत्रे घरोघर तयार झाली.

या यंत्रांचा गाभा म्हणजे स्टेपर मोटर. ती प्रत्येक स्पंदाबरोबर ठरावीक कोनातून फिरते. सामान्य मोटर २०० पायऱ्यांत एक फेरा पूर्ण करते. मोजलेले स्पंद म्हणजेच मोजलेले अंतर, असे गृहीत धरल्यामुळे पुनःप्रदायाची गरज उरत नाही व यंत्र स्वस्त होते. मात्र मोटर अडखळली, जोडणी घसरली किंवा फळीच वर उचलली गेली, तरी नियंत्रकास त्याचा पत्ता लागत नाही. १९५२ च्या यंत्रात जी खातरजमा होती, ती येथे सोडून दिलेली आहे. घरगुती राउटरच्या खोलीविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या सौद्यात आहे.

दोषांचे प्रकार : खोलीतील चूक कशी वाढते, यावरून तिचे कारण ओळखता येते. या दृष्टीने चुकांचे पाच प्रकार संभवतात.

(१) स्थिर चूक : सर्व खाचा सारख्याच फरकाने उथळ वा खोल असतात. येथे दोष शून्यबिंदू ठरविण्यात असतो. कागदाचा कपटा अडकेपर्यंत कर्तक खाली आणून तेथेच शून्य धरले व कागदाची सु. ०·१ मिमी. जाडी वजा केली नाही, तर प्रत्येक खाच तेवढी उथळ होते. विद्युत् स्पर्शपट्टीची जाडी नियंत्रकात चुकीची भरली असल्यासही असाच परिणाम दिसतो.

(२) प्रमाणबद्ध चूक : खोली दुप्पट केली की चूकही दुप्पट होते. येथे एका मिमी.मागील स्पंदांची संख्या चुकलेली असते. २०० पायऱ्यांच्या मोटरची प्रत्येक पायरी आठ भागांत विभागली व मळसूत्र एका फेऱ्यात ५ मिमी. सरकवीत असेल, तर १,६०० भागिले ५, म्हणजे मिमी.मागे ३२० स्पंद लागतात. अनेक मुखांच्या मळसूत्राबाबत हमखास घोटाळा होतो. चार मुखांच्या मळसूत्रात लगतच्या आट्यांतील अंतर २ मिमी. असले, तरी एका फेऱ्यातील सरक ८ मिमी. असते. २ मिमी. धरून हिशेब केल्यास कर्तक चौपट खोल जातो.

(३) साचत जाणारी चूक : काम सुरू करताना खोली बरोबर असते व पुढे ती एकाच दिशेने बदलत जाते. जड तर्कू वेगाने वर उचलताना मोटर अडखळली, तर तेवढी उंची हरवते आणि पुढची प्रत्येक खाच अधिक खोल होते. मोटर व मळसूत्र यांच्यामधील जोडणीचा स्क्रू ढिला असल्यास तीच गत होते. कोलेट झिजला वा मळला असेल, तर कीस वर ओढणाऱ्या सर्पिल कर्तकास खाली खेचणारा रेटा बसून कर्तक हळूहळू बाहेर येतो; अशा वेळी अक्ष निर्दोष असूनही खाच खोल होत जाते. दिशा बदलण्याची आज्ञा व स्पंद यांच्या वेळेचा मेळ चुकल्यास प्रत्येक उलटफेरीत एक स्पंद हरवू शकतो. मिमी.मागे ३२० स्पंद असलेल्या यंत्रात नक्षी कोरताना कर्तक हजार वेळा वर-खाली झाला, तर ही क्षुल्लक चूक ३ मिमी.हून अधिक होते. साध्या खाचा बरोबर व नक्षी मात्र बिघडलेली, असे दिसल्यास हे कारण प्रथम तपासावे लागते.

(४) स्थानानुसार बदलणारी चूक : मेजाच्या एका कोपऱ्यात खोली बरोबर व दुसऱ्या कोपऱ्यात चुकीची येते. मेज व आडव्या मार्गिका समांतर नसणे, फळी वाकलेली असणे किंवा पूल मध्यभागी झुकणे ही याची कारणे होत. मेजावर टाकलेला दाबीव लाकडी तक्ता दमट हवेत फुगतो. पावसाळ्यापूर्वी सपाट केलेला तक्ता पावसाळ्यात सपाट राहीलच असे नाही. तर्कू काटकोनात नसल्यास तळावर पायऱ्या उमटतात. ३०० मिमी.मध्ये १ मिमी. इतका कल असताना २५ मिमी. व्यासाच्या कर्तकाखाली ०·०८ मिमी. उंचीची कड राहते.

(५) भारानुसार बदलणारी चूक : हवेत चालविताना यंत्र अचूक असते व कठीण लाकडात मात्र चुकते. नट व मळसूत्र यांच्यामधील ढिलाईस कर्मशाळेत बॅकलॅश किंवा प्ले म्हणतात. तर्कूच्या वजनाने नट आट्याच्या एकाच बाजूस टेकून राहत असल्याने झेड अक्षावरील ही ढिलाई एरवी लपून राहते. कर्तक लाकडात शिरताना वरच्या दिशेने रेटा बसला की ती उघड होते. मळसूत्राच्या टोकाचे धारवे घट्ट नसल्यासही हेच घडते. याखेरीज पूल व झेड अक्षाची पाटी पिळवटते. विल्किन्सन यांनी दिलेला ताठपणाचा धडा येथे पुन्हा शिकावा लागतो.

तापमानाचा परिणाम तुलनेने लहान, पण निश्चित असतो. ३०० मिमी. लांबीचा पोलादी दांडा १०° से. तापला असता सु. ०·०३५ मिमी.ने वाढतो. लाकडी कामात ही वाढ नगण्य असली, तरी मंडलफलक कोरताना ती विचारात घ्यावी लागते. यास्तव तर्कू काही मिनिटे फिरवून मगच शून्य ठरविण्याचा प्रघात आहे.

दोष शोधण्याचा क्रम : अनुभवाने ठरलेला क्रम असा आहे की, प्रथम यंत्र कर्तनाविना तपासावे व नंतर कर्तन करून. मेजावर डायल गेज टेकवून झेड अक्ष १० मिमी. वर-खाली करावा, वाचन १० मिमी. आल्यास स्पंदांचा हिशेब बरोबर ठरतो. वरून येऊन व खालून येऊन एकाच बिंदूवर थांबल्यास मिळणाऱ्या दोन वाचनांतील फरक ढिलाई दाखवितो. नंतर तर्कू हाताने हलकेच वर दाबून काटा किती हलतो हे पाहावे. मग शंभर वेळा वेगाने वर-खाली करून काटा मूळ स्थानी येतो का, हे तपासावे. न आल्यास वेग व त्वरण निम्मे करून परीक्षण पुन्हा करावे. दोष गेला तर मोटर अडखळत होती, न गेला तर जोडणी किंवा स्पंदांची वेळ तपासावी. शेवटी कर्तकावर कोलेटच्या कडेशी खूण करून मेजाच्या चार कोपऱ्यांत व मध्यभागी सारख्या खोलीचे खळगे कोरावेत आणि ते व्हर्निअरच्या खोलीमापक दांड्याने मोजावेत. एका वेळी एकच बदल करणे हा या क्रमातील मुख्य नियम होय. दोन बदल एकदम केल्यास दोष नाहीसा झाला, तरी त्याचे कारण अज्ञात राहते व तो पुन्हा उद्‌भवतो.

उपाय : मेजावरील तक्ता त्याच यंत्राच्या कर्तकाने सपाट करणे हा जुना व खात्रीचा उपाय आहे, त्यामुळे मेज मार्गिकांशी आपोआप समांतर होते. ढिलाईसाठी ताणलेला दुहेरी नट किंवा गोळ्यांचे मळसूत्र वापरतात. मंडलफलकाच्या बाबतीत पृष्ठावर जागोजागी कर्तक विद्युत् स्पर्श होईपर्यंत उतरवून उंचीचा नकाशा तयार करतात व त्यानुसार आज्ञावली खोली सुधारून घेते. स्पर्शाने माप घेण्याचा व्हिट्‌वर्थ यांचा आग्रह आणि पृष्ठालाच आधार मानण्याची हातराउटरची रीत, ही दोन्ही तत्त्वे या पद्धतीत एकत्र आलेली आहेत. कोनवाचक बसविलेल्या स्टेपर मोटरींमुळे हरवलेल्या पायऱ्यांची खबर परत मिळू लागली आहे. तथापि हा वाचक मोटरीच्या दांड्याची स्थिती सांगतो, कर्तकाच्या टोकाची नव्हे. घसरलेला कर्तक वा उचललेली फळी त्याला कळत नाही.

भारतात यांत्रिक हत्यारांच्या निर्मितीस हिंदुस्थान मशीन टूल्स (स्थापना १९५३) व बंगळूर येथील केंद्रीय यांत्रिक हत्यारे संस्था (१९६२) यांनी चालना दिली. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग (१९२८–२००३) यांनी स्थापिलेल्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब सुरू झाली. अमेरिकेबाहेरील अशा पहिल्या प्रयोगशाळांत तिची गणना होते. हाताने काम करीत शिकणे हे या आश्रमाच्या शिक्षणाचे सूत्र आहे. संख्यानियंत्रित राउटर आज लहान गावांतील फर्निचर, दरवाजे, देव्हारे व नावाच्या पाट्या यांच्या व्यवसायातही पोहोचला आहे. अशा व्यवसायात बिघडलेल्या सागवानी फळीची किंमत कारागिरास स्वतःच सोसावी लागते. त्यामुळे त्याच्या दृष्टीने खोलीची अचूकता हा उत्पन्नाचा प्रश्न ठरतो.

संख्यानियंत्रणाने आज्ञा लिहिणारा व यंत्र चालविणारा यांच्यात जी फारकत केली होती, ती घरगुती यंत्रात उरलेली नाही. येथे दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे असतात. मापन करणे, नोंद ठेवणे व एका वेळी एकच कारण तपासणे ही शिस्त तिने अंगी बाणविल्यास सामान्य सामग्रीच्या यंत्रावरही लाकडी कामात ०·१ मिमी.च्या आसपासची खोली राखता येते.